पंधरा आण्यांचा गेम

नवीन जालना,
११ जानेवारी १९९७

ती. आक्कास,
बद्रीनाथचा नमस्कार.

लग्नाच्या धावपळीत तुझ्याशी धड बोलणंच झालं न्हाई. तुमची जीप निघाली तेव्हा मी मंडपवाल्याशी भांडून राह्यलो होतो. ते भांडण अर्धं सोडून पळत आलो तर रस्त्यावर नुसता फुफाटा. म्हणून हे पत्र, आणि पत्रासोबत एक खोकं. धुळाजीचा टेम्पो अधूनमधून तुमच्या शहागडवरून जातो, त्याच्याजवळ दिलंय. वरच्या थरात मोसंबी आहे, ती सासरी दे. खाली आपल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातला जुना डबा, दोन रिमोट, टीव्हीला लावायची वायर आणि टँकची कॅसेट.

तू गेल्यापासून सकाळी दुकान उघडायच्या आधीचा तास खायला उठतो. दोन वर्षं तू कॉलेजला माझ्याजवळ होतीस, तेव्हा तो तास आपला होता. एकट्यानं टँक खेळून बघितला. मजा न्हाई.

बदकांची नवी कॅसेट आलीये. टीव्हीसमोर बंदूक धरायची आणि बदकं पाडायची. नेम बराबर लागतो, आवाज झकास. आपल्या नेहमीच्या हिशेबानं मी त्या गेमला सोळापैकी पंधरा आणे दिले. पूर्ण सोळा का न्हाई? कारण नेम चुकला की गवतातून एक कुत्रं वर येतं आणि तोंडावर पंजा धरून हसतं, आणि त्या कुत्र्याला गोळी लागत न्हाई. गिऱ्हाईक कोणी का असेना, दुसऱ्या मिनिटाला कुत्र्यालाच मारायला बघतं.

म्हणजे आपला सोळा आण्यांचा गेम अजून सापडायचाच आहे. नाणी गोळा करत पळणारा मिशीवाला पंधरावर अडकला, कारण त्यात मागं जाता येत न्हाई, सुटलेलं नाणं सुटलं. दोन जवानांचा बी पंधरा, कारण जो पुढं पळतो त्याच्यामुळं मागचा मरतो. टँकला बी पंधराच, पण तो तेवढा सोळाच्या अगदी उंबऱ्यावर आहे. दोघांनी मिळून आपला गरुड राखायचा, भिंती फोडायच्या, आलेले टँक उडवायचे. एकच खोट, आपल्याच जोडीदाराला आपली गोळी लागली की तो बिचारा जागच्या जागी थिजून लुकलुकत राहतो. त्यावरून आपण एकमेकांशी किती दिवस अबोला धरला ते आठव.

आणि पस्तीस स्टेज संपल्यावर पुढं काय होतं, ते बघायचं राह्यलंच. आपण एकतीसला अडकलो. बटण दाबून थेट पस्तीसवर उडी मारता येते, पण ती लबाडी आपल्यात चालत न्हाई.

आप्पा अजून दुकानाची पायरी चढले न्हाईत. भोकरदनहून जालन्याच्या बाजाराला येतात, समोरच्या हॉटेलात चहा पितात, तो पण आपल्या दुकानाकडं पाठ करून. बियाण्याच्या कंपनीत नोकरी बघ म्हणतात.

दाजींना नमस्कार.

तुझा,
बद्री


शहागड,
२३ जानेवारी १९९७

चि. बद्रीनाथ यास,
आशीर्वाद.

खोकं पोचलं. मोसंबी गोड निघाली. मी मजेत आहे.

डबा मात्र माझ्या पेटीत, शालूच्या खाली आहे. तिथून तो निघेल असं वाटत न्हाई. कारण सांगते.

घर हायवेपासून जवळ, चार खोल्यांचं. तुझ्या दाजींचं टायरचं दुकान हायवेला. हे उजाडताच जातात. ट्रकवाला कधी येईल नेम न्हाई, म्हणून दुपारी पंधरा मिनिटांत जेवून परत पळतात. माणूस चांगला आहे. हसतमुख आहे. पण घरी असतोच कुठं? दिवसभर घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

आत्याबाई रागीट न्हाईत. त्या बोलतच न्हाईत. सकाळी म्हणतात, 'पाणी आलं.' दुपारी म्हणतात, 'वाढ.' दिवे लागल्यावर म्हणतात, 'कडी लाव.' झालं. मामंजी चार वर्षांखाली गेले, तेव्हापासून असंच आहे, असं हे सांगतात. मी पहिल्या आठवड्यात खूप बडबड केली. मंग मलाच माझा आवाज नको वाटायला लागला. आता दोघी बसून डाळ निवडतो, आणि हायवेवरचे हॉर्न ऐकतो.

टीव्ही आहे. त्याच्यावर विणलेला रुमाल आहे, आणि रुमालावर मामंजींचा फोटो. बातम्यांच्या वेळी फोटो उचलून बाजूला ठेवतात, बातम्या झाल्या की परत जागेवर. त्या टीव्हीला मी गेमची वायर कशी लावू, सांग.

कुत्र्याबद्दल तू लिहिलंस ते वाचून चुलीसमोर एकटीच हसले. बदकांना मी चौदाच दिले असते. त्यात जोडीदार न्हाई.

काळजी करू नको, मी मजेत आहे. आई-आप्पांना सांग, मजेत आहे.

तुझी,
आक्का


नवीन जालना,
१ फेब्रुवारी १९९७

ती. आक्कास नमस्कार.

एका पत्रात तीनदा मजेत लिहिलंस. तू खरंच मजेत असतीस तर एकदाच लिहिलं असतंस, न्हाईतर लिहिलंच नसतंस. मी लहान आहे, पण इतकं मला कळतं.

आत्याबाई बोलत न्हाईत म्हणजे काय? तुझं काही चुकलं म्हणून, का माहेरून काही कमी आलं म्हणून? मला बिलकुल खरं लिही. पत्र तुझ्या हातानं पोस्टाच्या पेटीत टाकत जा, दुसऱ्याजवळ देऊ नको.

इकडं सगळं ठीक. रस्त्याचा गेम आणलाय, लाल मोटार पळवायची. पेट्रोल संपायला येतं आणि नेमका ट्रक आडवा येतो. पोरं वेडी झालीत. मी पंधरा देणार होतो, पण इतकं जिवाच्या आकांतानं पळून ती मोटार जाते कुठं तेच कळत न्हाई, म्हणून साडेचौदा.

पत्र जल्दी पाठव.

बद्री


शहागड,
१० फेब्रुवारी १९९७

चि. बद्री,

तुझा तर्क चुकला. ना माझं काही चुकलं, ना माहेरून काही कमी आलं. आणि आता तर सगळंच बदललं. सांगते, निवांत वाच.

शनिवारी आत्याबाई हरभरा उपटायला शेतात गेल्या. दिवस मावळेपर्यंत येत न्हाईत म्हणून मी धीर केला. मामंजींचा फोटो नमस्कार करून कपाटावर ठेवला, रुमालाची घडी घातली, पेटीतून डबा काढला. वायर लागली. टँकची ती सुरुवातीची पिपाणी वाजली आणि खरं सांगते, मला रडूच आलं.

तिसऱ्या स्टेजला होते. मागून आवाज आला, "डाव्या अंगानं एक येऊन राह्यला."

मी वळून बघितलंच न्हाई. सवयीनं डावीकडं वळले, मारला. मंग डोक्यात उजेड पडला की हा आवाज कोणाचा. रिमोट हातातून सुटला, माझा टँक फुटला.

"फोडून घेतलास ना," आत्याबाई म्हणाल्या.

मजूरबाया आल्या न्हाईत म्हणून त्या लौकर परतल्या होत्या. काखेत हरभऱ्याची पेंढी तशीच. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

मी म्हणाले, "आत्याबाई, आत्ता बंद करते."

"कशाला? लाईट काय रोज असते?" त्या खाली बसल्या. "तो पक्षी कोणाचा?"

"आपला."

"आन ह्या गाड्या?"

"त्याला फोडायला येतात."

"किती येतात?"

"एका स्टेजला वीस."

"आन तू एकटीच?"

मी म्हणाले, "दोघांना बी खेळता येतं." दुसरा रिमोट मी पेपरात गुंडाळलेलाच ठेवला होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"मंग ते कशाला बांधून ठेवलंय?"

बद्री, त्यांनी पहिल्याच डावात आपलाच गरुड फोडला. दुसऱ्या डावात बी फोडला. बोटाला बटण सापडत न्हवतं, टँक उजवीकडं न्यायचा तर त्या स्वतःच उजवीकडं सरकत होत्या. चौथ्या डावाला मात्र त्यांनी एक टँक उडवला आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला लिहिता येत न्हाई. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या आपण होऊन बोलायला लागल्या. पाण्यावरून टँक का चालत न्हाई, झाडीत लपलेला दिसत न्हाई तर मारायचा कसा, विटांची भिंत फुटते मंग ती पांढरी का फुटत न्हाई. हे दारात येऊन उभे राह्यले, त्यांना वाटलं पाहुणे आलेत.

मामंजींच्या फोटोला कपाटावर जागा केली. "तिथून त्यांना बी बराबर दिसतं," असं त्याच म्हणाल्या.

तू म्हणतोस पत्र पेटीत टाक, पण धुळाजी दारातच उभा आहे आणि जालन्यालाच चाललाय. त्याच्याजवळ देते, उद्याच तुला मिळेल.

आक्का


(पोस्टकार्ड)

शहागड,
१९ फेब्रुवारी १९९७

चि. बद्री, घरात आंतरदेशीय न्हाई म्हणून कार्ड. मागच्या पत्रात सगळं लिहिलंच आहे, परत लिहीत न्हाई. काल आत्याबाईंनी मला तीनदा मारलं. मी जागच्या जागी थिजले आणि मंग बाकीचे चारी बाजूंनी आले. पण चूक माझीच, मीच मधी गेले. आता रोज दुपारी हेच चालू असतं. यांना सगळं माहीत आहे, हे नुसते बघून हसतात. आईला कळवू नको, ती उगीच काळजी करील. जागा संपली. आक्का.


नवीन जालना,
२७ फेब्रुवारी १९९७

आक्का,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. तू म्हणतेस त्याच्या आधीचं पत्र मला मिळालंच न्हाई. ते कोणी दाबलं असेल ते मला समजतं.

कार्ड घेऊन मी तसाच भोकरदनला गेलो. आईला काही सांगितलं न्हाई. आप्पांना गोठ्यात नेऊन दाखवलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि किती तरी वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राह्यले. मंग म्हणाले, "काकासाहेबाला निरोप दे. जीप लागंल."

आम्ही रविवारी येऊन राह्यलो. आप्पा, काकासाहेब मामा आणि मी. तू पेटी भरून ठेव. चूक माझीच, मीच मधी गेले, असं लिहू नको. तुझी चूक न्हाई. तुझं कॉलेज अर्धं राह्यलंय ते पूर्ण कर. खोली आहे, दुकान आहे, ते आधीपासून आपल्या दोघांचंच आहे. कोण काय म्हणेल त्याचा विचार करू नको, आप्पा बी तेच म्हणाले.

तीन दिवस धीर धर.

बद्री


शहागड,
४ मार्च १९९७

चि. बद्री,

तुझं पत्र आज मिळालं. तुम्ही येऊन गेल्यावर दोन दिवसांनी. वाचून आधी हसले, मंग 'आप्पा बी तेच म्हणाले' इथं आले आणि पदर डोळ्याला लावून बसले. जपून ठेवणार आहे.

तू जीपमधून हायवेलाच उतरलास, यांच्या दुकानाकडं गेलास. घरात काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. आप्पा तर सांगणारच न्हाईत. म्हणून मी सांगते.

मी अंगणात मिरच्या वाळत घालून राह्यले होते. जीप थांबली. आप्पा आणि मामा उतरले. मी आनंदानं पळत गेले तर आप्पांनी माझे दोन्ही हात धरले आणि उलटेपालटे करून बघितले. मला वाटलं बांगड्या बघून राह्यलेत.

आत्याबाईंनी पाणी आणून ठेवलं. आप्पांनी हात लावला न्हाई. "पाणी मंग," म्हणाले, "आधी बोलायचंय." मामांनी खिशातून कार्ड काढून चटईवर ठेवलं. "हे आमच्या लेकीचं अक्षर हाये, विहीणबाई."

आत्याबाईंना वाचता येत न्हाई. त्यांनी कार्ड उचलून मला दिलं. "वाच गं, काय लिहिलंस."

मी वाचायला लागले. 'तीनदा मारलं' इथं आले आणि माझ्या लक्षात आलं. पुढचं वाचू का नको, कळेना. आप्पा माझ्याकडं बघून राह्यले होते, त्यांना वाटलं मी भिऊन थांबले. ते उभे राह्यले.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "खरं हाये ते. तीनदाच मारलं. पण हिनं मला परवा मारलं, ते लिहिलं का कारटात?"

आप्पांचं तोंड उघडंच राह्यलं. मी म्हणाले, "आप्पा, गेममधी. टँकच्या गेममधी." मामा म्हणाले, "कसला गेम?" मी टीव्ही लावायला धावले, आणि बटण दाबते तर लाईट न्हाई.

आता सांग, काय करायचं? आप्पांचा विश्वास कसा बसावा? सासूसमोर पोरगी काही बी सांगते, असंच त्यांना वाटणार. ते बसले, पण पाण्याला हात न्हाई. तेव्हा आत्याबाई उठल्या, सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या, आणि आप्पांच्या समोर जमिनीवर मांडायला लागल्या.

"ही विटांची भिंत," त्या म्हणाल्या. शेंगांची भिंत झाली. मधी एक मोसंबी ठेवली. "हा आपला गरुड. ह्याला राखायचं. ही मी, ही तुमची लेक." दोन हळकुंडं ठेवली. "ते वरून येतात, तीन अंगांनी. मी डाव्या अंगाला, ही उजव्या अंगाला. आता मी इथून गोळी मारली, आन ही मधी आली, तर हिला लागती. मरत न्हाई. पण थिजती. मंग ते येतात आन हिला उडवतात. माझा नेम चांगला हाये, पण ही फार मधी मधी करती."

आप्पा बघत होते. किती तरी वेळानं त्यांनी बोट पुढं केलं. "आन इकडून, मागून कोणी आलं तर?"

"मागून येत न्हाईत."

"खालच्या अंगाला भिंत पातळ हाये तुमची."

"तेच म्हणते मी हिला," आत्याबाई म्हणाल्या. "खाली फोडू नको म्हणून."

मामा शेंगा खायला लागले तर आप्पांनी त्यांच्या हातावर मारलं. "भिंत खाऊ नको," म्हणाले. आणि पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा प्याले.

लाईट आली तेव्हा तू आणि हे दारात आलात. पुढचं तुला माहीत आहे. फक्त एक कळलं न्हाई. यांच्या शर्टाचं वरचं बटण कुठं गेलं? विचारलं तर नुसते हसतात.

आक्का


नवीन जालना,
१२ मार्च १९९७

ती. आक्कास नमस्कार.

बटण माझ्यामुळं गेलं. नवं लावून दे, आणि दाजींना सांग, पुढच्या खेपेला शर्टाचं कापड आणतो.

झालं असं. दाजी ट्रकखाली होते. बाहेर आले, हात काळे. मी म्हणालो, "माझ्या बहिणीबद्दल बोलायचंय." तर दाजींचा चेहराच पडला. म्हणाले, "मला माहीत हाये. मी थांबवायला पाहिजे होतं. पण दोघी बी ऐकत न्हाईत." मी म्हणालो, "दोघी?" म्हणाले, "रोज दुपारी चालू असतं. मी जेवायला गेलो तर म्हणतात थांबा, हे होऊ द्या. मी आपला दारात उभा राहून बघतो." बघतो म्हणाले, आक्का, आणि हसले. मी कॉलर धरली. त्यांचे हात काळे म्हणून ते मला धरेनात, नुसते हात वर करून उभे. म्हणाले, "बद्रीभाऊ, डबा तुमच्याच दुकानातला हाये ना?" तेव्हा माझी बोटं सुटली.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी मला चहा पाजला. असा माणूस मी बघितला न्हाई.

तुझं दहा फेब्रुवारीचं पत्र परवा मिळालं. धुळाजीनं ते टेम्पोत आरशामागं खोचलं, आणि जालन्यात न थांबता मोसंबी घेऊन थेट नागपूरला गेला. तिथं गाडी बिघडली. माझ्या हातात पत्र ठेवून म्हणतो, "जल्दीचं न्हवतं ना?"

आता आप्पांचं ऐक. परतताना अंबडपर्यंत एक शब्द न्हाई. मला वाटलं, आता माझं दुकान बंदच होणार. अंबड सोडल्यावर म्हणाले, "त्या बाईनं खालची भिंत राखली पाहिजे." बस्स. आणि शनिवारी बाजार करून आले ते समोरच्या हॉटेलात गेलेच न्हाईत. थेट पायरी चढले. पिशवी कोपऱ्यात ठेवली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तो लाव." कॉलेजचा एक पोरगा त्यांच्या जोडीला बसला. पहिल्याच मिनिटाला आप्पांनी त्याला मारलं. पोरगा लुकलुकत उभा. आप्पा म्हणाले, "ह्यात एवढीच खोट हाये. बाकी गेम चांगला हाये." मी त्यांना आपला आण्यांचा हिशेब कधी सांगितला न्हाई, पण त्यांनी बी पंधराच दिले. नोकरीचं नाव निघालं न्हाई.

एक अडचण आहे. सुट्ट्या लागल्या की दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि एक डबा जळालाय. तेव्हा तुमची पस्तिसावी स्टेज झाली, पुढं काय होतं ते बघितलं, की तो जुना डबा धुळाजीच्या हातानं परत पाठव. पत्र मात्र त्याच्याजवळ देऊ नको.

बद्री


शहागड,
२९ एप्रिल १९९७

चि. बद्रीनाथ यास,
आशीर्वाद.

उशीर झाला, पण कारण आहे. पस्तिसावी स्टेज काही केल्या होत न्हवती.

तुझं मागचं पत्र मी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. बटणाची गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या की उचकी लागली. त्यानंतर आम्ही नेटानं लागलो. पहिल्यापासून, उडी न मारता. मधी लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. होळीच्या आधी आम्ही एकतीस ओलांडली, तुझी-माझी कधी झाली न्हाई ती. आत्याबाई आता तुझ्यापेक्षा बऱ्या खेळतात, राग मानू नको. डाव्या अंगाला त्या असल्या की मी तिकडं बघत सुद्धा न्हाई.

मंग गाडी अडली. पस्तिसाव्या स्टेजला पोचायचं, शेवटचे दोन-तीन टँक उरायचे, आणि आत्याबाईंचीच गोळी आपल्या गरुडाला लागायची. "हात चुकला," म्हणायच्या. एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटलं, डोळे गेले असतील. यांना म्हणाले, जालन्याला नेऊन चष्म्याचं बघा. हे म्हणाले, "काल तिनं सुईत दोरा ओवला."

परवा चौथ्यांदा तसंच झालं. एकच टँक उरला होता, तो पार वरच्या कोपऱ्यात. आत्याबाईंनी आपला टँक सावकाश खाली आणला, गरुडाकडं तोंड केलं, आणि थांबल्या. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. बटण दाबलं.

मी म्हणाले, "आत्याबाई, हात चुकला न्हाई."

त्या रिमोटची वायर गुंडाळायला लागल्या. उकलायच्या आणि परत गुंडाळायच्या. मंग म्हणाल्या, "पत्रात तूच वाचलंस ना. शेवटचं झालं की डबा जाणार."

मी माझा रिमोट खाली ठेवला.

"डब्याचं काही न्हाई गं," त्या म्हणाल्या. "डबा गेला की तू तुझं काम करशील, मी माझं करीन. ते गेल्यापासून मी चार वर्षं तसंच केलं. मला परत तसं बसायचं न्हाई."

बद्री, सासरी आल्यापासून मी त्यांच्या पायाला रोज हात लावते, पण हाताला हात कधी लावला न्हवता. परवा लावला. म्हणाले, "डबा कुठं बी जाणार न्हाई. बद्रीला दुसरा घ्यायला सांगते." त्यांनी विचारलं, "त्याचं नुकसान न्हाई ना होणार?" मी म्हणाले, "होऊ द्या थोडं."

काल दुपारी बसलो. शेजारच्या गोपिकाबाई आल्या, त्यांच्या दोन सुना आल्या. हे जेवायला आले आणि उपाशीच उभे राह्यले. बाहेर ट्रकवाला हॉर्न देऊन राह्यला होता, हे म्हणाले, वाजवू दे. पस्तिसावी स्टेज. आत्याबाईंनी शेवटचे पाच एकट्यांनी उडवले, मी आपली गरुडासमोर उभी. शेवटचा फुटला तेव्हा गोपिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

आणि तुला सांगते पुढं काय होतं. काहीच होत न्हाई. ना शाबासकी, ना फटाके. टीव्ही एकदा करडा झाला आणि परत पहिली स्टेज आली. तीच भिंत, तोच गरुड. मला तर रागच आला. दोन वर्षं आपण वाट बघितली, आणि हे? मी म्हणाले, आता ह्याचा अर्धा आणा अजून कापते, साडेचौदा. गोपिकाबाई म्हणाल्या, "संपलं का न्हाई मंग?"

आत्याबाईंनी पदर खोचला आणि सरसावून बसल्या. "कशाला संपतंय," म्हणाल्या. "तू तुझ्या अंगाला जा, उजवीकडं." त्यांच्या मते गेममधी खोट न्हाईच. पूर्ण सोळा आणे.

तेव्हा डबा परत येणार न्हाई. दुसरा घे. आप्पांना म्हणावं, विहीणबाईंनी खालची भिंत राखली, आणि ह्या उन्हाळ्यातच त्यांना एक डाव खेळायला बोलावलंय. आईला बी घेऊन या.

आता थांबते. लाईट आत्ताच आली. आत्याबाई आवाज देऊन राह्यल्यात, दोन्ही रिमोट मांडून बसल्या आहेत, आणि मी गेल्याशिवाय बटण दाबत न्हाईत.

तुझी,
आक्का